आजोबांच्या ट्रंकेत जर्मन सैन्याची पाण्याची बाटली सापडली. बाटली आणि कप वेगवेगळ्या सालांचे आहेत, मग ती नकली का? आणि अशा वस्तूंचा संग्रह कुठून सुरू करावा?

नाही, सालं जुळत नाहीत म्हणून वस्तू नकली ठरत नाही. हे तुम्हाला ज्यानं सांगितलं असेल त्याच्याकडे ती बाटली पुन्हा नेऊ नका. हेच वाक्य मी स्वतः ऐकून घेतलंय, म्हणून एवढं लिहितोय.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत. तिथे आपल्या पलटणींसमोर जर्मनच होते. यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या खोऱ्यात लढले, नामदेव जाधव 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर. दोघेही मराठा पलटणीचे, आणि दोघांचे व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, याच आघाडीवरचे. त्यामुळे सातारा-रायगडकडच्या जुन्या ट्रंकेत जर्मन बाटली निघाली तर नवल वाटायला नको.

आपल्या जवानांना मिळायची ती ब्रिटिश पद्धतीची बाटली: पोलादी, निळ्या एनॅमलची, वर खाकी लोकरी कापड शिवलेलं आणि तोंडाला दोरीनं बांधलेलं बूच. जर्मन बाटली 1931 च्या नमुन्याची. ॲल्युमिनियमची म्हणून हलकी, पाऊण लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी मावणारी. तपकिरी फेल्टचं कवच बाजूनं टिचबटणांनी बंद होतं, झाकण आट्यांचं, आणि त्यावर कप पालथा घालून चामडी पट्ट्यानं आवळलेला. दोन्ही हातात घेतलेला माणूस जर्मन बाटली का उचलून आणेल हे वेगळं सांगायला नको. आजोबा पुढे कित्येक वर्षं शेतावर जाताना तीच न्यायचे.

ते गेल्यावर मी ती पुण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याला दाखवली. विकायची नव्हती, नुसतं जाणून घ्यायचं होतं. त्यानं बाटलीचा गळा बघितला, कपाचा काठ बघितला आणि म्हणाला, "बाटली 39 ची, कप 42 चा. जोडकाम आहे, भाऊ." मग कपावर बोट ठेवून, "ही खरवड घासून काळा रंग मारून देतो, मग काहीतरी किंमत येईल."

ती खरवड म्हणजे काय होतं ते सांगतो. कपाच्या काळ्या रंगावर चाकूच्या टोकानं ओढलेली दोन रोमन अक्षरं आहेत, के आणि एच, कुणा जर्मन शिपायाची. त्याच्या खाली नागरीत माझ्या आजोबांची आद्याक्षरं, दाभणानं टोचून टोचून काढलेली. प्रत्येक टोच्यातून खालचं ॲल्युमिनियम चमकतं. आणि हा माणूस ते घासायला निघाला होता! मी कप त्याच्या हातातून काढून घेतला. त्यानंतर तो चार लोकांना सांगत फिरला की यांना यातलं काही कळत नाही.

तर त्यालाही आणि तुम्हालाही एकच सांगणं: ज्याच्या घरात कुणी फौजेत आहे त्याला कोठाराचा कारभार माहीत असतो. कप हरवला की फळीवर असेल तो दुसरा मिळतो. पट्टा तुटला की नवा बसवतात. तीन वर्षं लढाईत वापरलेल्या बाटलीचे सगळे भाग एकाच सालाचे असले तर उलट मी आधी संशय घेईन, कारण दुकानात बसून असे संच जुळवतात आणि दुप्पट पैसे लावतात.

आता ओळखण्याचं. गळ्यावर आणि कपावर कारखान्याची अक्षरं आणि सालाचे दोन आकडे ठोकलेले असतात. 1943 च्या सुमारापासून ॲल्युमिनियम टंचाईमुळे पोलादी, एनॅमल केलेल्या बाटल्या येतात. तेव्हा तुमची बाटली लोहचुंबकाला चिकटत असेल आणि आकडा 38 असेल, तर काहीतरी गडबड आहे. टिचबटणं उघडून आतून बघा, बऱ्याचदा 'प्रिम' हे बटणं बनवणाऱ्या जर्मन कंपनीचं नाव दिसतं. चामड्यावर आधीच्या काळात कारखान्याचं नाव आणि गाव असतं, शेवटच्या वर्षांत त्याऐवजी शून्यानं सुरू होणारा लांबलचक क्रमांक. गरुड-स्वस्तिकाचा ठसा असायलाच हवा असं नाही. ताजा, खोल, कडा धारदार असलेला गरुड दिसला तर तो नंतर मारलेला असण्याची शक्यता जास्त, कारण किंमत त्यानंच वाढते. ज्यांना फक्त तो ठसाच हवा असतो त्यांच्याशी माझं कधी जमलं नाही. माझे आजोबा त्या चिन्हाविरुद्ध लढायला गेले होते.

संग्रहाची सुरुवात साध्या वापराच्या वस्तूंनी करा: बाटली, मूत्रपिंडाच्या आकाराचा जेवणाचा डबा, वीस लिटरचा इंधनाचा कॅन. कॅनवर 'वेअरमाख्ट' (जर्मन सैन्य) आणि 'क्राफ्टश्टोफ' (इंधन) असं उठावदार लिहिलेलं असतं, वर तीन मुठी, एका झटक्यात उघडणारं खटक्याचं झाकण. पण आपल्याकडे भंगारात दिसतात त्यातले बहुतेक ब्रिटिशांनी केलेल्या नकलेचे. डब्ल्यू आणि डी यांच्या मध्ये बाण, म्हणजे ब्रिटिश युद्ध खात्याची खूण, दिसला की तो जर्मन नव्हे. उत्तर आफ्रिकेत हाती लागलेले जर्मन कॅन इतके सरस निघाले की ब्रिटिशांनी स्वतःचे गळके पत्र्याचे डबे सोडून हेच बनवायला घेतले. जेवणाच्या डब्यांच्या बाबतीत सावध राहा, युद्धानंतरच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही जर्मन सैन्यांचे डबेही त्याच मूत्रपिंडाच्या आकाराचे आहेत. साल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

काही जण अतिनील टॉर्चनं कापड तपासायला सांगतील: धागा निळसर चमकला तर नंतरचा. चाचणी चांगली आहे, पण घरात कुणी ते कवच कधी वॉशिंग पावडरमध्ये भिजवलं असेल तर जुनं फेल्टसुद्धा चमकेल. आधी आईला विचारा. आणि तुम्ही स्वतः काहीही धुऊ नका, पॉलिश करू नका. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका, कसर लागू नये म्हणून कवचाजवळ डांबरगोळीची पुरचुंडी ठेवा, एवढंच.

ट्रंकेत संगीनही असेल तर ती इकडे तिकडे दाखवण्याआधी शस्त्र कायद्याबद्दल वकिलाशी बोला. जर्मन संगिनीचं पातं साधारण 25 सेंटिमीटरचं असतं, म्हणजे कायद्यातल्या नऊ इंचांच्या मर्यादेहून जास्त. आणि जर्मनीतल्या कुणाला काही विकायचा विचार असेल तर स्वस्तिकाचं चिन्ह उघड दाखवणं तिथे गुन्हा आहे. तिथल्या बाजारात विक्रेते त्यावर चिकटपट्टी लावून ठेवतात.

कपावर काही कोरलेलं असेल तर त्याचा फोटो इथे टाका. सालं जुळतात की नाही ते नंतर बघू.