धुक्यात काय बघायचं?

प्रश्न : ताई, गेल्या जुलैत लेकीकडे फ्रिमाँटला होते. जावयांनी मोठ्या हौसेने सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पॉइंट रेयेसला नेलं. एवढा लांबचा प्रवास करून पोचलो, तर दहा पावलांपुढचं दिसेना. समुद्र नाही, दीपगृह नाही, फुलं नाहीत. थंडीने मात्र हुडहुडी भरली. आता मार्चअखेर पुन्हा जाते आहे आणि दोघंही म्हणतात, परत जाऊ. जावं का? गुडघे दुखतात, हे आधीच सांगते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर जा. एप्रिलमध्ये जा. आणि दुर्बीण नसली तरी चालेल, पण कानटोपी हवीच.

जुलै म्हणजे उन्हाळा, तेव्हा आकाश मोकळं असणार, असं आपल्याला वाटतं. त्या किनाऱ्यावर नेमकं उलटं घडतं. वायव्येकडून सुटलेला वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर लोटतो आणि खोलातलं गारठलेलं पाणी वर येतं. समुद्रावरून येणारी दमट हवा त्या पाण्यावर थंडावली की धुकं होतं. आतली खोरी जितकी तापतील तितकं ते आत ओढलं जातं. तिथलं दीपगृह 1870 सालचं. माथ्यावर धुकं फार दाट असतं म्हणून ते मुद्दाम कड्याच्या खालच्या अंगाला बांधलं. त्यामुळे तीनशेहून जास्त पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच चढायच्या. तुम्ही त्या नादी लागू नका, वरूनच बघा.

तुमची जागा पॉइंट रेयेसमधलंच चिम्नी रॉक. जाऊन-येऊन तीनेक किलोमीटरची पायवाट, चढ बेताचा. मी मूळची साताऱ्याची, आता अठरा वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडच्या पेटालुमा गावात राहते. या वाटेवर किती वेळा चालले याची मोजदाद नाही. कासला भाद्रपदात धुकं उतरलं की आपण काय करतो? खाली बघत चालतो. इथेही तेच करायचं. लांबचं सगळं पुसलं गेलं की नजर आपसूक पायाशी येते, आणि या वाटेवर सगळी दौलत पायाशीच आहे.

माझी आई बहात्तराव्या वर्षी इथे आली होती, हातात काठी घेऊन. इंग्रजी नावं तिच्या ध्यानात राहीनात, म्हणून तिने आपली युक्ती काढली. गुलाबी, पाच पाकळ्यांचं चेकरब्लूम दिसलं तशी म्हणाली, ‘‘अगं, ही भेंडीकडची गं.’’ खरंच, ते भेंडी-जास्वंदीच्याच कुळातलं! मग आम्हाला चाळाच लागला. जांभळा डग्लस आयरिस केशराच्या कुळातला. केशरी पॉपी खसखशीची बहीण. जमिनीला चिकटून पसरलेली, पिवळ्या ठिपक्यांसारखी ‘फुटस्टेप्स ऑफ स्प्रिंग’ कोथिंबीर-जिऱ्याच्या घरची. आणि लालभडक पेंटब्रश? तो शेजारच्या झाडांच्या मुळांतून रस ओढतो. ज्वारीत माजणाऱ्या टारफुल्याचं आणि त्याचं कूळ एकच. आईचं माहेर ज्वारीच्या पट्ट्यातलं. ते ऐकून ती त्या फुलाकडे बराच वेळ रोखून बघत राहिली.

धुक्यात पॉपी उघडत नाही, पाकळ्या छत्रीसारख्या गुंडाळून उभी असते. ‘पॉपी कुठे आहेत’ म्हणून शोधाल तर केशरी सुरळ्या शोधा. आयरिस मात्र तशा हवेतही फुललेला दिसतो. पाकळ्यांवर धुक्याचे थेंब बसले की त्यावरच्या रेघा जाड होऊन दिसतात. मला तो उन्हातल्यापेक्षा धुक्यातच जास्त आवडतो.

एक सांभाळा : चकचकीत पानं, तीन-तीनच्या झुपक्यात, अशी झुडपं दिसली तर हात लावू नका. पळसाला पानं तीन, तशी या पॉयझन ओकलाही तीनच. ते बिब्ब्याच्या कुळातलं आहे. बिबा उतल्यावर अंगाचं काय होतं ते सांगलीकरांना मी काय सांगावं?

मधूनमधून थांबून कान द्या. झुडपातून ‘शि-का-गो, शि-का-गो’ अशी हाक आली तर ती कॅलिफोर्नियाची लावरी. वाळूवर एलिफंट सील या अजस्र समुद्री प्राण्यांच्या माद्या आणि अजून वयात न आलेले सील पडलेले असतात. एप्रिल-मेमध्ये ते कात टाकतात, केसांसकट कातडीचे तुकडे सुटतात. त्यांना आजारी समजू नका. धुकं फाटलंच, तर पाण्यावर नजर ठेवा. एप्रिलच्या शेवटी ग्रे व्हेल माद्या पिल्लांना घेऊन उत्तरेला निघालेल्या असतात आणि पुष्कळदा किनाऱ्याच्या बऱ्याच जवळून जातात.

कड्याच्या काठाला मात्र जाऊ नका, तिथली माती भुसभुशीत आहे. फोनला रेंज फारशी मिळत नाही, म्हणून भेटायची जागा आधी ठरवा. आणि जुलै-ऑगस्टपर्यंत मुक्काम असेल, तर पॉइंट रेयेसच्याच उत्तर टोकाच्या टोमालेस पॉइंटलाही एकदा जा. तिथे 1978 साली ट्यूली एल्क पुन्हा आणून सोडले. आपल्या सांबराचे हे भाऊबंद. माजाच्या दिवसांत नर शीळ घातल्यासारखा ओरडतो. एका ऑगस्टमध्ये मी पाच मिनिटं नुसती ती शीळ ऐकत उभी होते. मग पांढऱ्यातून आधी शिंगं आली, त्यामागून प्राणी. त्या दिवशी धुकं नसतं तर तो मला अर्ध्या मैलावरूनच दिसला असता.

प्रश्न : आमचा सहा वर्षांचा मुलगा एलिफंट सीलच्या पिल्लाला जवळून बघायचा हट्ट धरतो. किती जवळ जाता येतं?
— एक बाबा, सॅन होजे

उत्तर : शंभर फुटांच्या आत नाही. चिम्नी रॉकजवळ वरून बघायची जागा आहे, तिथूनच दाखवा. डिसेंबर ते मार्च पिल्लं असतात. 1981 साली विणीची पहिली जोडी तिथे सापडली, आज किनाराभर कळप दिसतो. आई जेमतेम महिनाभर दूध पाजते आणि समुद्रात निघून जाते. एकटं पिल्लू दिसलं तर ते पोरकं नसतं, त्याला तसंच राहू द्या. दोन टनांचा नर ओरडला की मुलगा आपण होऊन तुमच्या मागे येऊन उभा राहील.