गुरगुरणं बंद करायला जाऊ नका

ताई, तुमचा लॅब्रेडोर भांड्याजवळ कुणी गेलं की गुरगुरतो, परवा मुलाच्या हातावर झेपावला आणि आता त्याला महिनाभर ट्रेनिंगला ठेवायचा विचार आहे, हे वाचलं आणि राहवलं नाही. मुलाला नुसता ओरखडा असला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याची लस झालेली असली तरी.

आमचा काजू अडीच वर्षांचा असताना अगदी असंच करायचा. आम्ही त्याला शहराबाहेरच्या एका सेंटरला २१ दिवस ठेवला. नाव घेत नाही. ‘तुम्ही अल्फा, म्हणजे कळपाचे म्होरके व्हा, मालक कोण ते त्याला कळू दे’ हे त्यांचं शिक्षण. गुरगुरला की काटेरी पट्ट्याला हिसका. घरी आला तो एकदम गप्प. आम्ही खूश.

दोन महिन्यांनी सासूबाई त्याच्या भांड्याशेजारी सांडलेलं पाणी पुसायला वाकल्या. मी समोरच उभी होते. काजूचं खाणं थांबलं, तोंड भांड्यातच, अंग ताठ, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागलं. मला वाटलं, किती शहाण्यासारखा थांबलाय! पुढच्या क्षणी सासूबाईंच्या मनगटात चार दात. आवाज नाही, काही नाही. तो गुरगुरून सांगायचा तेव्हा आम्हीच मार देऊन त्याचं सांगणं बंद केलं होतं. सेंटरला फोन केला तर म्हणे घरचे लाड नडले, पुन्हा आणा, फी वेगळी. आजही आठवलं की संताप होतो. त्या अल्फाचं म्हणाल तर, ज्यांच्या पुस्तकाने ही कल्पना पसरली त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलंय की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं.

नंतर व्हेटने कान पाहिला तर आतून लालभडक, सुजलेला. पावसाळ्यातलं इन्फेक्शन. त्या २१ दिवसांत कुणी कान उघडूनही बघितला नव्हता! म्हणून आधी तपासणी, मग बाकीचं.

जेवण वेगळ्या खोलीत, दार बंद, मुलगा बाहेर. भांड्यात हात घालून ‘सवय’ लावायला जाऊ नका, त्याने बिघडतंच. आम्ही लांबून, जिथून त्याचं खाणं थांबत नाही तिथून, जाता जाता उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचो आणि पुढे जायचो. आठवड्याला जेमतेम एक फरशी जवळ. चारेक महिने लागले. मी ट्रेनर नाही, तुमचा कुत्रा मी पाहिलेला नाही. चावा बसला असेल तर मारझोड न करणारा, घरी येऊन बघणारा माणूस शोधा आणि जाळीचं मुसकं हळूहळू सवयीचं करा. त्यात त्याला धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं.

आणि ढोलपथकांचा सराव सुरू व्हायच्या आत सुरुवात करा. आमचा तर त्या दिवसांत पलंगाखालून बाहेर येत नाही, पहाटे टेकडीवर नेला तरच मोकळा होतो.