खाली नाव घाल

प्रिय पोरी,

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर तू क्रुसापाशी थांबलीस. मोबाइलवर बायबलातल्या रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय उघडलेला होता. वरिष्ठांच्या अधीन असावे, अधिकार देवाने नेमलेला आहे. धर्मग्रामातल्या कुणा वडीलधाऱ्याने त्याच ओळीवर बोट ठेवून सांगितलं होतं म्हणे, की जमिनीच्या सुनावणीत हरकत घेणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. मग तू हळूच विचारलंस, "अंकल, बिननावाने दिली तर?"

मी तुझ्यावर खेकसलो. त्याचं कारण पुढे येईल. आधी तो १३वा अध्याय उरकतो.

ज्याने तो लिहिला तो पौल किती वेळा तुरुंगात गेला, मोज. त्याच अध्यायात चौथ्या ओवीत तो सत्ताधाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो, तुझ्या भल्यासाठी नेमलेला. सेवकाला हिशेब विचारायचा नाही, असं कुठे लिहिलंय? फिलिप्पैमध्ये पौल आणि सीला यांना चौकशीविना फटके मारून कोंडलं. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, सोडून द्या. पौल हलला नाही. आम्हाला चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप काढून देता? स्वतः या आणि बाहेर न्या! कृत्ये, अध्याय १६. तुझ्या त्या वडीलधाऱ्यांना हाही वाचायला दे.

आणि बायबलातलाच संदेष्टा दानीएल. राजाखेरीज कुणाकडे मागणं मागायचं नाही, असा हुकूम निघाल्यावर त्याने दारं लावून घेतली असती तरी देवाने ऐकलंच असतं. पण त्याच्या माडीच्या खिडक्या यरुशलेमेकडे उघड्या होत्या, आणि रोजच्यासारखा तो दिवसातून तीनदा गुडघे टेकत राहिला. त्यानंतर सिंहांच्या गुहेतही गेला, पळाला नाही. मला अधीनतेचा अर्थ तिथे कळतो. हुकूम मोडायचा, पण आपल्या खिडकीत बसून, आणि जी शिक्षा होईल ती आपल्याच अंगावर घ्यायची. म्हणून सांगतो, खाली नाव घाल.

आता माझी गोष्ट. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या महसूल कार्यालयात कारकून होतो. एका फेरफारात काही आदिवासी कुळांची नावं उडवलेली माझ्या नजरेस आली. सह्या बनावट होत्या, हे शाळकरी पोरानेही सांगितलं असतं. मी वरिष्ठांना निनावी पत्र लिहिलं. लिहिलं म्हणजे टाइप केलं, संध्याकाळी सगळे गेल्यावर, शेजारच्या टेबलावरच्या मशीनवर. त्या मशीनचा 'ळ' जरा वर बसायचा. मला ते माहीत नव्हतं. साहेबांना माहीत होतं.

निनावी अर्ज दफ्तरी दाखल झाला, फेरफार मंजूर झाला, आणि ज्याच्या टेबलावर ते मशीन होतं त्या अबोल माणसाची महिन्याभरात दूर बदली झाली. त्याची आई आजारी होती. मी त्याच्या निरोपाच्या चहाला हजर होतो. वर्गणीही दिली.

माझ्या दोन मुली लहान होत्या, घराचा हप्ता होता. त्या काळी नोकरी गेली तर दुसरी कुठे होती? आणि मी बोललो असतो तरी फेरफार थांबला असता का? नसता थांबला, हे आजही म्हणतो. पण त्याची बदली थांबली असती. तो आता नाही. त्याच्या मुलाचा पत्ता माझ्याकडे आहे, पत्र अजून लिहिलेलं नाही. वसईची हिरवाई वाचवायच्या, हरित वसईच्या मोर्च्यांत त्या चळवळीचे नेते फादर दिब्रिटो उघडपणे पुढे चालायचे, आणि हा तुझा अंकल टोपी डोळ्यांवर ओढून मागच्या रांगेत. सरकारी नोकर ना!

तू म्हणशील, बायबलातल्या शिफ्रा आणि पुवा त्या सुइणी इब्री बाळं वाचवायला मिसरच्या राजाशी, फारोशी चक्क खोटं बोलल्या आणि देवाने त्यांचं कल्याण केलं. बरोबर. कुणाचं बाळ वाचवायचं असेल तर खुशाल खोटं बोल, मी पाप माझ्या नावावर घेतो. तुझ्या हरकतीत कुठलं बाळ लपवायचंय?

ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी फ्रान्झ येगरस्टेटर. १९३८ च्या एप्रिलमध्ये हिटलरच्या बाजूने कौल द्यायचा होता, तेव्हा अख्ख्या गावात एकट्याने 'नाही' म्हटलं. पुढे सैन्यात बोलावणं आलं. जखमींची सेवा करीन, पण हिटलरसाठी लढणार नाही, म्हणाला. गावचे, नातेवाईक, खुद्द बिशप, सगळ्यांनी समजावलं: तीन लहान मुली आहेत, संसाराचा विचार कर. अधिकाऱ्यांना मानण्याचा उपदेशही झाला. ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद केला. बायकोला युद्धानंतरही कित्येक वर्षं पेन्शन नाकारली. २००७ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला धन्य घोषित केलं, तेव्हा ती हयात होती. मला त्या सोहळ्यापेक्षा ती पेन्शनची वर्षं जास्त आठवतात. तीन मुलींचं कारण त्याच्याकडेही होतं, माझ्याहून एक जास्तच.

तुझी आई, आदिवासींसाठी झटणारे आणि एल्गार परिषद प्रकरणात पकडलेले फादर स्टॅन स्वामी यांचं नाव घेऊन तुला गप्प बसवते, असं तू म्हणालीस. तिला दोष देऊ नकोस. पार्किन्सनने हात थरथरणाऱ्या ८३ वर्षांच्या माणसाला तळोजा तुरुंगात स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला, आणि ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या हॉस्पिटलात तो कैदी म्हणूनच गेला, खटला सुरूही झाला नव्हता. ही भीती खरी आहे, तुला कुणी खोटी सांगितली तर ऐकू नकोस. पण झारखंडच्या कच्च्या कैद्यांसाठी फादरांनी उच्च न्यायालयात याचिका केली, ती स्वतःच्या नावानेच.

तुझं प्रकरण एवढं मोठं नाही, बाई. एक हरकत अर्ज आहे. शिवीगाळ नको, बायबलची वचनं तर अजिबात नकोत, तिथल्या साहेबाला त्यांचं काही पडलेलं नाही. गट नंबर लिही, किती गुंठे, विहीर कुठे, पावसाचं पाणी कुठून वाहतं ते लिही. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. दोन प्रती काढ, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. खोट्या नावाच्या अकाउंटवरून काही टाकलं असशील तर ते आजच काढून टाक, त्यात कुणा मैत्रिणीचा फोन वापरला असशील तर आत्ताच.

माझ्या वाडीचा अर्जही मी लिहिला आहे, हाताने. बुधवारी सकाळी तुझ्यासोबत येतो. झेरॉक्सवाला एक ते चार बंद असतो, तेव्हा दहालाच निघू.

तुझा,
अंकल