खुब्याचा सांधा बदलल्यावर वॉकर कधी सोडायचा, वावरात कधी जायचं आणि मांडी घालता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे, परभणीकडच्या गावात राहतात, उजव्या खुब्याचा पूर्ण सांधा बदलून १८ दिवस झालेत, वॉकर धरून घरातल्या घरात चालतात आणि घरी देशी संडास आहे. फिजिओथेरपीच्या अंगाने सांगतो.

आधी डिस्चार्ज कार्ड काढा आणि सांधा कुठल्या बाजूने उघडला ते बघा. टाके कुल्ल्याच्या मागच्या बाजूला असतील तर बहुधा मागून उघडलाय. तसं असेल तर गुडघा खुब्याच्या वर जाणं, पायावर पाय टाकणं आणि पाऊल आत वळवणं, या तीन गोष्टी ६ ते १२ आठवडे बंद. नव्या सांध्यात मांडीच्या हाडाला बसवलेला गोळा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी असते. या हालचालींत गोळ्याची मान वाटीच्या काठाला टेकते आणि पहारीने दगड उचकटावा तसा गोळा मागे निसटतो. मागची शिवलेली आवरणं आणि बारीक स्नायू जुळून येईपर्यंत त्याला अडवायला फारसं काही नसतं. पुढून उघडला असेल तर धोका उलटा: पाय मागे ताणणं आणि बाहेर वळवणं टाळायचं. पुढचं मी मागून उघडलाय असं धरून लिहितोय. पायावर भार किती द्यायचा, हे मात्र सर्जनलाच विचारा. सिमेंटचा (हाडाला खास सिमेंटने पक्का केलेला) सांधा सहसा लगेच पूर्ण भार घेतो, बिनसिमेंटच्याला कधीकधी थोडं थांबवतात.

आपल्याकडे गोळा निसटतो तो चालताना कमी, संडासात आणि बाजेवर जास्त. बाज मधे झोळते, माणूस खड्ड्यात बसतो आणि गुडघे वर येतात. म्हणून १२ आठवडे तरी बाज नको, लाकडी पलंग वापरा. बसण्याची उंची अशी काढा: त्यांना चपलेत उभं करून गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्यात २ इंच मिळवा. खुर्ची, पलंग, कमोड सगळं तेवढं तरी उंच हवं. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची शहाबादी फरशीवर सरकते, ती नको.

देशी भांड्यावर भोक असलेली कमोड खुर्ची ठेवा. तिला हात हवेत आणि पायांना रबरी बुटं हवीत. खुर्ची आणली की काम झालं असं घरच्यांना वाटतं, पण बादली आणि टमरेल खालीच राहतं. माणूस बसल्याबसल्या उजवीकडे वाकून टमरेल घेतो आणि कंबरेत पीळ पडतो. ठरवून केली तरी याहून वाईट हालचाल सापडणार नाही. बादली डाव्या बाजूला स्टुलावर, हाताशी ठेवा. भिंतीला पाण्याचा जेट बसवला तर उत्तमच. उठताना आधी काठावर सरकायचं, उजवा पाय पुढे लांब करायचा आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचं. वॉकर ओढून उठलं तर वॉकर अंगावर येतो.

वॉकर सोडायचा तो तारखेवर नव्हे, लंगड बघून. तोल नीट असेल तर ३ ते ६ आठवड्यांत काठीवर येता येतं. काठी डाव्या हातात, म्हणजे ऑपरेशनच्या उलट बाजूला धरायची. त्यामुळे उजव्या खुब्याच्या स्नायूवरचा ताण उतरतो. घरची वेळूची उंच काठी चालणार नाही. हात सरळ सोडल्यावर मनगट येतं तिथे मूठ आली पाहिजे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना आधी काठी, मग ऑपरेशनचा पाय.

लंगड जाते ती कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू घट्ट झाल्यावर. ओट्याला धरून ताठ उभं राहायचं आणि उजवा पाय बाजूला एक वीतभर न्यायचा, ३ सेकंद धरायचा. १० वेळा, दिवसातून ३ वेळा. बोटं समोरच हवीत. ती बाहेर वळली किंवा अंग डावीकडे झुकलं, की काम दुसरेच स्नायू करतात आणि महिनाभराची मेहनत वाया जाते. सांधा बाजूने उघडला असेल तर हा व्यायाम सर्जनच्या परवानगीशिवाय करू नका, कारण तोच स्नायू शिवलेला असतो. पूर्ण भाराची परवानगी मिळाल्यावर एक चाचणी करा: ओट्याला धरून उजव्या पायावर उभं करा आणि मागून करदोडा बघा. तो डावीकडे खाली उतरत असेल तर काठी सोडायची वेळ आलेली नाही.

चालणं ५-५ मिनिटांपासून, दिवसातून ४ वेळा सुरू करा आणि हळूहळू वाढवा. सहाव्या आठवड्यापर्यंत २० मिनिटं दोनदा जमलं तर छान. संध्याकाळी पाय सुजतो, ते तीनेक महिने चालतं. सकाळीही सूज तशीच असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. पाय लांब झाल्यासारखा वाटेल. बहुतेकदा ते आखडलेल्या स्नायूंमुळे असतं आणि काही महिन्यांत जातं. घाईने चपलेला टाच लावू नका.

दाखवायला नेताना काळी-पिवळीच्या मागच्या बाकावर बसवू नका. गाडीची पुढची सीट मागे सरकवा, उशी ठेवा, वर प्लॅस्टिकची पिशवी टाका. आधी पाठमोरं बसवा, मग दोन्ही पाय एकदम आत घ्या, पिशवीवर अंग सहज फिरतं. तासाभराने उतरवून चालवा.

मोटारसायकल ३ महिन्यांनी, सर्जनला विचारून. उजवा पाय आहे, म्हणून किक बंद, सेल्फवर चालू करायची. वावरात बांधावरून चक्कर सहा-आठ आठवड्यांनी मारता येईल, पण नांगरटीच्या ढेकळांत आणि पावसानंतरच्या चिकट काळ्या मातीत ३ महिने नको. खुरपणी कायमची दुसऱ्यावर सोपवा. १६ लिटरचा फवारणी पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो, तोही त्यांच्या पाठीवर नको.

आता मांडी. मांडीत गुडघे बाहेर पडतात, म्हणून ती उकिडवं बसण्यापेक्षा कमी धोक्याची, आणि काही सर्जन तीन-चार महिन्यांनी परवानगी देतात. खरी गोची उठताना होते. मी तरी पंगतीत खुर्ची घ्यायला सांगेन. उकिडवं बसणं सोडलेलंच बरं. वाटी-गोळ्याचा आकार माहीत असलेल्या सर्जनने स्वतः हो म्हटलं तरच वेगळं.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बहुधा महिनाभर असतात, त्या बरं वाटलं म्हणून थांबवू नका. घोटा दर तासाला १०-१५ वेळा वरखाली हलवायचा. पोटरी तेलाने चोळू नका. पोटरी दुखून टणक झाली, दम लागला, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. अचानक कळ येऊन पाय आखूड आणि आत वळलेला दिसला तर गोळा निसटलाय. हलवू नका, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.

शुगर असेल तर ती आटोक्यात ठेवा आणि टाचेच्या भेगा, गळवं अंगावर काढू नका. तिथले जंतू रक्तातून सांध्यापर्यंत पोचतात. दात काढायचा झाला तर दाताच्या डॉक्टरला आधी सांगा की खुब्यात सांधा बसवलाय.