बघायला नाही, करायला जायचं

प्रश्न : ताई, ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या ओळखीच्या लोकांनी पन्हाळ्याच्या पलीकडं एका शेतावर शुक्रवार ते रविवार कला आणि संगीताचा मेळावा ठरवलाय, डिसेंबरात, तंबूत राहायचं. आम्ही चौघं जाणार. पण त्यांनी पाठवलेल्या माहितीत कलाकारांची यादीच नाही, एवढंच लिहिलंय की इथं प्रेक्षक कुणी नाही, प्रत्येकानं काहीतरी घेऊन यायचं आणि आत काही विकत मिळणार नाही. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही, चित्रकला शाळेतच सुटली. पैसे तर भरलेत, आता वाटतंय तिथं जाऊन मी करू काय?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : जा, नक्की जा. ही कल्पना आली कुठनं ते आधी सांगते, म्हणजे माहिती तशी का लिहिलीय ते कळेल. १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स या दोन मित्रांनी साधारण आठ फुटी लाकडाचा माणूस उभा करून पेटवला, आणि किनाऱ्यावरची माणसं आपणहून भोवती जमली. दरवर्षी गर्दी वाढत गेली, १९९० मध्ये ते सगळं नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात गेलं, आणि आता तिथं ऑगस्टच्या शेवटाला सत्तर हजारांच्या आसपास माणसांचं एक गावच आठवडाभर वसतं. तोच बर्निंग मॅन. पुढं ठिकठिकाणचे लोक आपापल्या भागात तसं करायला लागले तेव्हा सगळ्यांना धरून राहता यावं म्हणून हार्वीनं २००४ मध्ये दहा तत्त्वं लिहून काढली. कुणालाही येऊ द्या, विकू नका तर द्या, आपली सोय आपण बघा, मागं काही ठेवू नका आणि नुसतं बघत बसू नका, असा त्यांचा गाभा. तुमच्याकडच्या संयोजकांनी जे लिहिलंय ते सरळ तिथनं आलंय.

आता हे ऐकायला परकं वाटतं पण मंगळवार पेठेतल्या माणसाला मी हे काय सांगू! तालमीचा गणपती बसतो तेव्हा मांडवाला दोर बांधणारा, लाइटच्या माळा सोडायला खांबावर चढणारा, महाप्रसादाच्या आदल्या रात्री पोत्यावर बसून वांगी चिरणारी पोरं, यांना कुणी प्रेक्षक म्हणतं का? यातल्या किती जणांना गाता येतं? चैत्रात जोतिबाला सासनकाठी नाचवताना काठी एकाच्या खांद्यावर असते पण तोल सांभाळायला चारी बाजूंनी दोर धरणारी माणसं लागतात, त्यांनी हात सोडले तर काठी उभीच राहणार नाही. तसंच आहे हे.

मी स्वतः अशा एका मेळाव्याला गेले होते, साठ-सत्तर माणसं असतील. तिथं रात्री दोन तंबूंमध्ये सतार वाजत होती आणि छान वाजत होती, पण आज मला आठवतो तो एक काका, दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन कंदिलाशेजारी बसलेला. त्यानं पहिल्या संध्याकाळी एकाच्या चपलेचा अंगठा शिवून दिला आणि मग रविवार दुपारपर्यंत त्याच्यापुढची माणसं हटली नाहीत, तंबूची फाटलेली शिवण, बॅगेचा पट्टा, एका बाईच्या तंबोऱ्याची गवसणी. तो शिवता शिवता कातडं कसं कमावतात ते सांगायचा आणि शेवटी शेवटी तर लोक फाटलेलं काही नसताना नुसते शिकायला बसायला लागले. पैसे विचारले की हात जोडायचा. मला विचाराल तर त्या तीन दिवसांतला सगळ्यात मोठा कार्यक्रम तोच होता.

तुम्ही पत्रात काय येत नाही ते सगळं लिहिलंय, काय येतं ते एका शब्दानं नाही. येत असणारच. दाढी-कटिंग येत असेल, आकाशातलं मृग नक्षत्र दाखवता येत असेल, आजीकडनं ऐकलेल्या गोष्टी असतील, पत्रावळी लावता येत असतील. एकच गोष्ट धरा आणि तिची वेळ नि जागा ठरवा, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून तंबूबाहेर लावा, शनिवारी सकाळी सात वाजता इथं आल्याचा चहा, असं. वेळ ठरवली नाही की माणूस संकोचतो आणि करायचं राहून जातं, हे मी बघितलंय.

आणखी एक, देणं म्हणजे अदलाबदल नव्हे. मी चहा दिला म्हणून तू मला गाणं म्हण, असा हिशोब तिथं नसतो. ब्लॅक रॉकमध्ये आत बर्फाशिवाय जवळजवळ काहीच विकत मिळत नाही, आणि त्यामागं तत्त्वच ते आहे की पैसा मध्ये आला की एक जण गिऱ्हाईक होतो आणि गिऱ्हाईक झाला की तो पुन्हा बघत बसतो.

प्रश्न : आम्ही पहिल्यांदाच तंबूत राहणार. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. काय काय न्यावं?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : जागा कुठली आहे ते आधी विचारा, शेत आहे का सडा, म्हणजे कातळाचं पठार. पन्हाळा, मसाई पठार या बाजूला वर सगळा जांभा दगड आहे, वर बोटभर माती आणि खाली कातळ, तंबूच्या खुंट्या आत जातच नाहीत. माझी पहिली रात्र यातच गेली, दोन खुंट्या वाकल्या आणि वारा सुटल्यावर तंबू अंगावर आला. तिथं दोरी मोठ्या दगडाला बांधायची, त्यामुळं सुतळी नव्हे तर चांगली नायलॉनची दोरी जास्तीची पंधरा-वीस मीटर घ्या. तंबू एकदा घराच्या गच्चीवर लावून बघा, अंधारात पहिल्यांदा लावायची वेळ येऊ देऊ नका.

थंडीत दव एवढं पडतं की सकाळी वरचं कापड पिळून निघतं, आणि आतल्या माणसांच्या श्वासाची वाफ पण आतनं थेंब धरते, म्हणून थंडी वाजते म्हणून सगळ्या जाळ्या बंद करून झोपू नका, वरची एक उघडी ठेवा. अंगाखाली जाड काहीतरी हवं, अंगावर दोन घोंगड्या आणि खाली नुसती सतरंजी असेल तर गारठा जमिनीतनं येतो. आणि हे मात्र अगदी कळकळीनं सांगते, शेगडी, निखाऱ्याची पाटी, गॅस काहीही तंबूच्या आत पेटवायचं नाही, ऊब यावी म्हणूनसुद्धा नाही. त्यातनं जो विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) निघतो त्याला वासही नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

पाणी माणशी रोजचं पाच लिटर तरी धरा, पिणं आणि स्वयंपाक धरून. बर्निंग मॅनच्या वाळवंटात जाणाऱ्यांना साडेपाच-सहा लिटर सांगतात. बाकी डोक्याला लावायची बॅटरी, कानात घालायचे बोळे, भाकरी आणि खर्डा दोन दिवस टिकतो तो, एवढं पुरे.

प्रश्न : माझी मुलगी बावीस वर्षांची आहे, मैत्रिणींबरोबर अशा मेळाव्याला जायचं म्हणते. रात्रभर अनोळखी माणसांत. हे मोकळं वातावरण म्हणजे नेमकं काय ते मला कळत नाही आणि विचारलं तर ती चिडते.
— एक आई, गडहिंग्लज

उत्तर : वहिनी, तुमची काळजी अगदी बरोबर आहे आणि नाही म्हणण्यापेक्षा प्रश्न विचारण्यात तिचा जास्त फायदा आहे. मोकळं म्हणजे कुणीही कसंही वागावं असं नव्हे. चांगल्या ठिकाणी उलट आधीच स्पष्ट सांगतात, विचारल्याशिवाय अंगाला हात नाही, विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि नाही म्हटलं की विषय संपला. बर्निंग मॅनमध्ये १९९२ पासून रेंजर म्हणून स्वयंसेवक आहेत, शिकून तयार झालेले, ते रात्रंदिवस फिरत असतात आणि भांडण-तंटा, हरवलेलं माणूस, घाबरलेलं माणूस बघतात.

मुलीला सांगा की संयोजकांना तूच फोन कर, मी शेजारी बसते. रात्री जागी असणारी माणसं कोण आणि त्यात बायका किती, संडासाकडं जायच्या वाटेवर उजेड आहे का, जवळचा दवाखाना किती लांब, रात्री दोनला गाडी निघू शकते का. याची उत्तरं चटचट मिळाली तर पाठवा. टाळाटाळ झाली तर मुलीला स्वतःलाच कळेल, तुम्हाला काही म्हणावं लागणार नाही.

प्रश्न : आमचा हलगी-घुमकं-कैताळचा ताफा हाय, सहा जण. आम्हास्नी पण बोलावलंय पण म्हणत्यात सुपारी नाही, सगळ्यांसारखं यायचं. रातभर वाजवलं तर चालंल का? आणि फुकट का वाजवायचं?
— एक वाचक, कागल

उत्तर : भावा, दुसऱ्या प्रश्नाचं आधी. वाजवणं हा तुमचा पोटाचा धंदा असेल तर तुम्ही नाही म्हणायला पूर्ण मोकळे आहात आणि त्यात कमीपणा काही नाही. संयोजकांनी जर तिकिटाचे पैसे घेतलेत आणि लोक तुमच्या नावावर येणार असतील तर मानधन सरळ मागा, कलाकाराला सहभागाच्या नावाखाली राबवून घेणं मला पटत नाही. पण तुम्ही गडी म्हणून, चार दिवस मोकळे आहात म्हणून जाणार असाल तर मग वाजवायला जाऊ नका, वाजवायला शिकवायला जा. दोन जास्तीच्या हलग्या आणि काड्या घ्या, एकच साधा ठेका धरा. आणि लेझीम न्या! आपल्याकडं शाळेत लेझीम हातात न धरलेलं माणूस सापडायचं नाही, पन्नाशीच्या बाया पण दोन मिनिटांत पवित्र्यात येतात, हलगी कडाडली की पाय थांबत नाहीत.

रात्रभराचं म्हणाल तर उघड्यावर लाउडस्पीकरलाच काय, वाद्यांनाही रात्री दहा ते सकाळी सहा कायद्यानंच बंदी आहे. आणि तुमची हलगी बिनमाइकची असली तरी ती डोंगरात दोन गावं ओलांडून जाते आणि खालच्या वस्तीत सकाळी गाईच्या धारा काढायला उठणारी माणसं असतात. दहाला थांबा, पहाटे सूर्य उगवायला परत सुरू करा, त्याची मजा मोठी आहे. हलगी तापवायला जाळ लागणार, तो उघड्या गवतावर नको, डिसेंबरात गवत वाळून खडखडीत झालेलं असतं आणि एका ठिणगीनं वणवा लागतो. पत्र्याच्या घमेल्यात, खाली विटा, शेजारी भरलेल्या दोन बादल्या.

प्रश्न : शेत माझं आहे, मुलाच्या मित्रांना द्यायला मी तयार आहे. पण माघारी माझ्या शेताचा उकिरडा होणार नाही कशावरनं?
— एक शेतकरी, पन्हाळा तालुका

उत्तर : दादा, खरा प्रश्न तुम्ही विचारलात. आपण मिळून करण्यात कुणाला ऐकणार नाही पण करून झाल्यावर उठून जातो, जत्रा उतरली की डोंगराची काय दशा असते ते तुम्ही रोज बघता.

अट घालायची असेल तर अशी घाला. कचरापेटी ठेवायचीच नाही. ब्लॅक रॉकमध्येही ठेवत नाहीत, ज्यानं आणलं त्यानं घरी न्यायचं, भांडी धुतलेलं पाणीसुद्धा. पेटी ठेवली की ती शनिवारी दुपारीच ओसंडते आणि उरलेलं वाऱ्यानं उडतं. गुलाल, चमकी, कपड्यावरच्या टिकल्या, झिरमिळ्या यांना बंदी घाला, हे वेचता येत नाही. शेंगांची टरफलं, संत्र्याची साल कुजते म्हणून टाकू देऊ नका, कुजायला महिने लागतात आणि तोवर कुत्री-डुकरं येतात. संडासाचा खड्डा विहिरीपासनं आणि ओढ्यापासनं लांब, साठ-सत्तर मीटर तरी.

आणि रविवारी दुपारी कुणालाही गाडी काढू देऊ नका जोवर सगळे एका ओळीत उभे राहून शेत चालत नाहीत. नेवाडातली ती जमीन सरकारी आहे, मेळावा उठल्यावर सरकारी माणसं येऊन तपासतात आणि सरासरी एकरी एक चौरस फुटापेक्षा जास्त कचरा सापडला तर परवानगीवर गदा येते, म्हणून स्वयंसेवक कित्येक दिवस खांद्याला खांदा लावून जमीन वेचत असतात. आम्ही त्या साठ-सत्तर जणांनी दोन एकर असंच चाललो होतो, हातभर अंतर ठेवून, मान खाली. आधी सगळे म्हणत होते की काय पडलंय, स्वच्छ तर आहे. अर्ध्या तासात दीड पोतं भरलं, सिगारेटची थोटकं, प्लॅस्टिकचे पट्टे, दोन खुंट्या, भडंगाच्या पुड्या आणि कुणाची तरी एक पैंजणाची घुंगरी. ती घुंगरी शेतमालकाच्या बायकोनं ठेवून घेतली, दारावर बांधायला.