वाचकांचे प्रश्न : कसबाची स्पर्धा आणि तिचे मोजमाप

रोजच्या कामातील कौशल्याच्या स्पर्धांविषयी आम्ही पत्रे मागवली होती. बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातून आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा आयटीआयमध्ये टर्नरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कारागिरांचेही ‘ऑलिम्पिक’ असते, असे त्याचे शिक्षक सांगतात. ते खरे आहे का, आणि आमच्यासारख्या खेड्यातील मुलाला तेथपर्यंत जाण्याची वाट कोणती? (एक पालक, खानापूर तालुका)

शिक्षकांनी सांगितले ते खरे आहे. या स्पर्धेचे नाव वर्ल्डस्किल्स. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात कुशल कामगारांची टंचाई निर्माण झाली, आणि तरुणांना हातकामाकडे वळवावे या हेतूने स्पेनमध्ये प्रथम देशांतर्गत स्पर्धा भरवण्यात आली. 1950 साली माद्रिदमध्ये स्पेन आणि पोर्तुगाल या दोन देशांचे प्रत्येकी बारा तरुण एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हापासून ती आंतरराष्ट्रीय झाली. आता ती साधारणपणे दर दोन वर्षांनी भरते. 2024 साली फ्रान्समधील लियों येथे 59 प्रकारांत स्पर्धा झाली आणि भारताने चार कांस्यपदके मिळवली. त्याआधी 2019 साली रशियातील कझान येथे जलतंत्रज्ञान या प्रकारात भारताला पहिले सुवर्णपदक मिळाले होते. आपल्या मुलाच्या कामाशी जवळचे प्रकार म्हणजे सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रावरचे) टर्निंग आणि सीएनसी मिलिंग. वेल्डिंग, वीजजोडणी, प्लंबिंग, वीटकाम, फरशीकाम, सुतारकाम, केशकर्तन, बेकरी, दागिने घडवणे हेही प्रकार तेथे असतात.

भारतातील निवड ‘इंडियास्किल्स’ या नावाने होते. जिल्हा, राज्य, विभाग आणि राष्ट्र अशा पायऱ्यांनी ती पुढे सरकते आणि बेळगावचा उमेदवार साहजिकच कर्नाटकाच्या निवडीतून वर जातो. नोंदणी केंद्र सरकारच्या ‘स्किल इंडिया डिजिटल हब’ या संकेतस्थळावर करावी लागते. राज्याच्या सूचना बहुधा कन्नड आणि इंग्रजीत निघतात, त्यामुळे मराठी घरातील पालकांच्या नजरेतून तारीख निसटण्याचा संभव असतो. यावर उपाय एकच : आयटीआयच्या प्राचार्यांकडे किंवा प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करून ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी तिची आठवण द्यावी.

खरी अडचण वयाची आहे. बहुतेक प्रकारांत आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या वर्षी उमेदवाराचे वय 22 वर्षांपेक्षा अधिक असून चालत नाही, मोजक्या प्रकारांत ही मर्यादा 25 आहे. म्हणजे शांघाय येथील 2026 च्या स्पर्धेसाठी उमेदवार 2004 किंवा त्यानंतर जन्मलेला असावा लागतो. ‘आधी आयटीआय होऊ दे, मग नोकरी, मग बघू’ असा हिशेब केला, तर दार बंद झालेले असते.

तयारीविषयी थोडे स्पष्ट लिहितो. आयटीआयतील साध्या लेथवर हात बसणे हा पाया आहे, परंतु स्पर्धेत नकाशा वाचून संगणकावर प्रोग्रॅम तयार करणे आणि ठरलेल्या वेळेत सीएनसी यंत्रावर नग उतरवणे अपेक्षित असते. तेथे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे दहा मायक्रॉनच्या घरात तपासले जाते. उद्यमबाग आणि मच्छे येथील कितीतरी कारखान्यांत हेच काम रोज चालते. सुट्टीच्या दिवसांत मुलाला अशा एखाद्या ठिकाणी काम शिकायला पाठवावे. यंत्र चालवण्यापेक्षा मायक्रोमीटर हातात नीट धरण्याचे, तोच नग तीन वेळा मोजून तेच उत्तर येण्याचे वळण त्याला तेथील जुन्या माणसांकडून मिळेल. स्पर्धा जिंकली नाही, तरी या वळणावर त्याला काम मिळेल, हे मी पैजेवर सांगतो.

प्रश्न : आमच्या युवक मंडळाने गेल्या वर्षी गणेशोत्सवात गवंड्यांची स्पर्धा घेतली. तासाभरात सर्वांत जास्त विटा लावणाऱ्यास बक्षीस होते. ज्याला पहिला क्रमांक दिला त्याची भिंत वाकडी होती, असे म्हणून वाद झाला आणि दोन गट पडले. यंदा स्पर्धा नीट कशी घ्यावी? (मंडळाचे कार्यकर्ते, बेळगुंदी परिसर)

वाद होणारच होता. तासाभरात किती विटा लागल्या हे मोजले, तर गवंड्याचे कसब मोजले जात नाही, त्याची घाई मोजली जाते. घर बांधून घेताना कोणीही गवंड्याला ‘तासाला किती विटा’ असे विचारत नाही. भिंत ओळंब्यात (सरळ उभी) आहे का, कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का, एवढेच आपण पाहतो. स्पर्धेतही तेच पाहावे.

प्रथम काळाविषयी. गणेशोत्सवात आपल्या भागात पाऊस ओसरलेला नसतो, मांडवाखाली चिखल होतो आणि माल, म्हणजे कालवलेले सिमेंट-वाळूचे मिश्रण, नीट बसत नाही. दिवाळीनंतरचा किंवा गावच्या यात्रेच्या आसपासचा कोरडा दिवस निवडावा. जांभ्याच्या चिऱ्यांऐवजी विटा घ्याव्यात. आपल्याकडे चिऱ्याचे काम करणारे उत्तम गवंडी आहेत हे खरे, पण चिरा चिऱ्यासारखा नसतो आणि ‘मला वाकडे चिरे आले’ ही तक्रार कोणालाही खोडून काढता येत नाही. विटा एकाच भट्टीच्या, वाळू एकाच ढिगातील व चाळलेली, आणि माल एकाच ठिकाणी कालवून सर्वांना सारख्या घमेल्यांनी वाटावा. मालात सिमेंट अगदी बेताचे घातले, तर स्पर्धेनंतर भिंती उतरवून विटा परत वापरता येतील आणि मंडळाचा खर्च वाचेल.

सर्वांना एकच नकाशा द्यावा. काटकोनात वळणारी, दोन्ही बाजूंना साडेतीन-चार फूट लांब आणि तेवढ्याच उंचीची भिंत पुरे आहे. एका बाजूला छोटी खिडकी सोडायला सांगितली, तर चांगला आणि सामान्य गवंडी आपोआप वेगळे दिसतात, कारण खिडकीच्या कडेला अर्धी वीट कोठे आणि पाऊण वीट कोठे, हे आधी डोक्यात ठरवावे लागते. वेळ तीन-चार तास द्यावा. वेळेआधी काम संपवणाऱ्यास जादा गुण देऊ नयेत, आणि वेळ संपल्यावर सर्वांची थापी एकदम खाली यावी.

गुणांचे दोन भाग करावेत. मोठा भाग मोजण्याचा असावा. लांबी खालच्या आणि वरच्या थरात टेपने मोजावी. उंची तिन्ही टोकांना घ्यावी. पातळी पाण्याच्या नळीने पाहावी. कोपरा गुण्यात आहे की नाही हे जुन्या पद्धतीने, एका बाजूवर दीड फूट, दुसऱ्या बाजूवर दोन फूट खूण करून तिरकस अंतर अडीच फूट येते का, असे तपासावे. ओळंबा मात्र अनुभवी माणसानेच धरावा. वरचा लाकडी गट्टू भिंतीला टेकवून दोरी सोडल्यावर खालचा गोळा भिंतीला जेमतेम शिवला पाहिजे. गोळ्यामागे फट राहिली तर भिंत वरून पुढे आली आहे, आणि गोळा भिंतीला अडून दोरी तिरकी झाली तर ती वरून मागे गेली आहे. गोळा हलायचा थांबेपर्यंत कोणीही आकडा बोलू नये. प्रत्येक मापासाठी किती मिलिमीटरपर्यंत पूर्ण गुण आणि त्यापुढे किती कापायचे, हे आधीच कागदावर लिहून ते स्पर्धकांना वाचून दाखवावे.

दुसरा, लहान भाग नजरेने पाहण्याचा. दरजा, म्हणजे विटांमधील सांधे, एकसारख्या आहेत का, विटेवर मालाचे डाग किती, एकूण काम नीटनेटके दिसते का, यांना टेप लागत नाही. येथे वर्ल्डस्किल्समधील पद्धत उचलण्यासारखी आहे. तीन परीक्षक एकाच वेळी शून्य ते तीनपैकी एक आकडा दाखवतात. शून्य म्हणजे धंद्यात चालणार नाही असे काम, एक म्हणजे चालेल असे, दोन म्हणजे काही बाबतींत त्याहून सरस, तीन म्हणजे अव्वल. दोन परीक्षकांच्या आकड्यांत एकाहून अधिक फरक पडला, तर तिघांनी बोलून पुन्हा गुण द्यायचे असतात. आपल्याकडे पोस्टकार्डावर मोठे आकडे लिहून हे सहज करता येईल. एकाने ‘दोन’ म्हटले की दुसराही ‘दोन’ म्हणतो, ही सवय अशाने मोडते.

भिंतींवर नावे नकोत, चिठ्ठ्या टाकून क्रमांक द्यावेत आणि मोजणीच्या वेळी स्पर्धक आवाराबाहेर असावेत. स्पर्धकांपैकी कोणालाही कामावर ठेवणारा कंत्राटदार परीक्षक नसावा. पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांचा सत्कार अवश्य करावा, पण त्यांच्या हाती गुणपत्रिका देऊ नये.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, म्हणून मीच काढतो. गवंड्याच्या हाताखाली माल कालवणारे आणि विटा देणारे माणूस, पुष्कळदा बाई, असते. स्पर्धेत मदतनीस घ्यायचा नसेल तर तसे ठरवावे, आणि घ्यायचा असेल तर चिठ्ठीने द्यावा. मदतनिसाला बक्षिसात वाटा मिळाला पाहिजे. शाल-श्रीफळाऐवजी चांगली स्पिरिट लेव्हल किंवा थापी-रंध्याचा संच दिला, तर तो कामावर जाईल. शेवटी प्रत्येकाला त्याची मोजमापाची पत्रिका द्यावी. हरलेल्या गवंड्याला आपली भिंत कोठे आणि किती मिलिमीटर चुकली हे कळले, तर पुढच्या वर्षी तो पुन्हा येईल. नुसता क्रमांक सांगितला, तर तो भांडेल.

प्रश्न : मी उद्यमबागेतील एका छोट्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, आहे, वय 46. कसबाच्या सगळ्या स्पर्धा पोराटोरांसाठीच का? (एक कामगार, बेळगाव)

आपल्या तक्रारीत तथ्य आहे. ज्याने वीस वर्षे वाळू दाबली, कोअर (नगातली पोकळी राखणारा गाभा) बसवला, धातूचा रस कोठून ओतला की ब्लो होल (वायू अडकून पडणारे भोक) येणार नाही हे ज्याला नकाशा न पाहता कळते, त्याच्यासाठी वयाची अट असलेली स्पर्धा निरुपयोगी आहे. मोठ्या वयाच्या कामगारांसाठी जे आहे ते बहुतेक पुरस्काराच्या स्वरूपात आहे, आणि पुरस्कार म्हणजे स्पर्धा नव्हे. केंद्र सरकारचे पंतप्रधान श्रम पुरस्कार आहेत, परंतु खासगी क्षेत्रात ते पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या उद्योगांपुरते आहेत, आणि उद्यमबागेतील छोट्या फाउंड्रीत पाचशे कामगार कोठून यायचे! विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार उत्पादन, सुरक्षितता किंवा बचत यांविषयी कामगाराने केलेल्या उपयुक्त सूचनेसाठी दिला जातो. आपण एखादी पद्धत शोधून काढली असेल, तर मालकांमार्फत त्याची चौकशी करावी.

प्रत्यक्ष स्पर्धेच्या जवळ जाणारा एक मार्ग गुणवत्ता मंडळांचा, म्हणजे क्वालिटी सर्कलचा आहे. कामगारांचा गट कारखान्यातील एक दोष निवडतो, तो का होतो हे शोधतो, उपाय करून आकड्यांनिशी दाखवतो आणि इतर कारखान्यांच्या गटांसमोर मांडतो. तेथे वय विचारत नाहीत. नापास होणाऱ्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव नगांचे, प्रमाण कमी करणे हा मोल्डरच्या हातचा विषय आहे, आणि मालकालाही त्यात फायदा दिसत असल्याने तो सहसा अडवत नाही. मांडणी करताना तक्ते तयार करणारा इंजिनिअर पुढे आणि मोल्डर मागे, असे होऊ देऊ नका.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, त्या दिवशी दोन-चार फाउंड्र्यांनी मिळून मोल्डरांची छोटी स्पर्धा घ्यायला काय हरकत आहे? पॅटर्न (ज्यावरून साचा उठवतात तो नमुना) सर्वांना सारखा, वाळू सारखी, आणि निकाल दुसऱ्या दिवशी कास्टिंग फोडून व कापून पाहिल्यावर.

प्रश्न : माझा भाऊ पायाने अपंग असून उत्तम शिवणकाम करतो. त्याच्यासाठी अशी काही स्पर्धा आहे का? (एक वाचक, खानापूर)

आहे. तिचे नाव ॲबिलिम्पिक्स. अपंग व्यक्तींच्या व्यावसायिक कौशल्याची ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा 1981 साली टोकियोत सुरू झाली. 2003 साली ती नवी दिल्लीत भरली होती आणि 2023 साली फ्रान्समधील मेत्झ येथे झाली. शिवणकामाशी संबंधित प्रकार त्यात असतात. भारतातील निवड राष्ट्रीय ॲबिलिम्पिक संघटनेमार्फत होते. ही स्पर्धा वर्ल्डस्किल्ससारखी ठरावीक अंतराने भरत नसल्याने संघटनेशी संपर्क ठेवणे आवश्यक आहे. भावाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र अद्ययावत करून ठेवावे आणि त्याने शिवलेल्या कपड्यांची, आतली शिलाई दिसेल अशी छायाचित्रे जमवावीत.

प्रश्न : आमच्या भागात महिला दिनाला ‘जलद बिडी वळणे’ स्पर्धा ठेवण्याचे घाटत आहे. मी बिड्या वळून घर चालवते, हातही जलद आहे. भाग घ्यावा का? (एक भगिनी, निपाणी)

ताई, माझे मत विचारलेत म्हणून सांगतो : घेऊ नये, आणि आयोजकांनाही तसे सांगावे.

आपल्या कामात कसब नाही असे मुळीच नव्हे. ओलवलेले पान पत्र्याच्या मापाने कातरणे, तंबाखू ना कमी ना जास्त पसरणे, वळताना टोक निमुळते ठेवणे, तोंड दुमडून दोरा बांधणे, हे सगळे मांडीवर सूप ठेवून दिवसभर चालते, आणि पाहणाऱ्याला बोटे दिसतही नाहीत. परंतु आपली मजुरी हजारावर ठरते. म्हणजे जलद वळण्याची स्पर्धा आपल्या घरात रोजच चालू आहे, तीही खोकला, पाठदुखी आणि छाटीत, म्हणजे सदोष म्हणून, बाजूला काढलेल्या बिड्यांचे नुकसान सोसून. तीच घाई व्यासपीठावर मांडून टाळ्या वाजवण्यात बायकांचा सन्मान कोणता? शिवाय 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने तंबाखूच्या पदार्थांची जाहिरात आणि प्रायोजकत्व यांना बंदी आहे. एखाद्या बिडी कारखान्याच्या नावाने बक्षीस ठेवले, तर आयोजक अडचणीत येतील.

आयोजकांना बायकांच्या हाताचे कौतुकच करायचे असेल, तर ब्लाउज बेतणे, गोधडी शिवणे, फाटलेल्या कपड्याला न दिसणारा रफू करणे अशा कामांची स्पर्धा ठेवावी. निपाणीत ही कामे जाणणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत, आणि या कामांना बिडीबाहेर गिऱ्हाईक मिळते. ब्लाउजची स्पर्धा घेतलीच, तर स्पर्धेतील प्रत्येकीला एकाच मापाची बाई आणि सारखे कापड द्यावे, आणि निकाल ब्लाउज अंगावर चढल्यावर, हात वर करून खांद्याला ओढ बसते का हे पाहून लावावा. बेळगुंदीच्या मंडळाला वर सांगितलेली पोस्टकार्डाची पद्धत येथेही चालेल.