लिफाफा उघडणार कोण?

प्रश्न : माझ्या भाचीची तलाठी म्हणून निवड झाली आहे. प्रशिक्षणात वर्तणूक नियमांवर तास झाला, तर घरी येऊन विचारते, ‘मामा, हे कुणी पाळतं का?’ आयुष्यभर मुलांना मूल्यशिक्षण दिलं, पण उत्तर सुचलं नाही. या नियमांचा खरंच उपयोग होतो का?
– निवृत्त शिक्षक, बार्शी

उत्तर : गुरुजी, माझी बरीचशी नोकरी आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांचे कागद सांभाळणाऱ्या शाखेत गेली. नियम मोडणाऱ्यांचे कागद माझ्याच टेबलावरून जायचे. त्यावरून सांगते, नियम लागू होतात, पण बहुतेक किरकोळीत. रजा न टाकता गायब झालेला शिपाई, साहेबांना उलट बोललेला लिपिक, यांच्या दोषारोपपत्राची चारही जोडपत्रं आठवडाभरात तयार. पैशाचं प्रकरण आलं की तीच शाखा गोगलगाय होते. फाईल मत मागवायला इकडून तिकडे फिरते, तोवर माणूस निवृत्त. निवृत्तीनंतर विभागीय चौकशी नव्याने सुरू करायची तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि हे हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतात.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यातला नियम १९ बघा. मालमत्तेचे व्यवहार कळवायचे, मत्ता व दायित्वाचं, म्हणजे मालमत्ता आणि देण्यांचं विवरणपत्र द्यायचं. लिहिलंय चोख. आमच्याकडे विवरणपत्रं बंद लिफाफ्यात यायची. कोणी दिलं, कोणी नाही याची यादी व्हायची, न देणाऱ्याला ज्ञापन, म्हणजे खुलासा मागणारं पत्र जायचं आणि गठ्ठा कपाटात. आतले आकडे पगाराशी ताडून पाहा, असं मला एकाही साहेबांनी सांगितलं नाही. लिफाफा उघडायचा तो तक्रार आली तर, आणि तक्रार करणाऱ्याला आत काय लिहिलंय ते कळायला मार्ग नाही.

माहिती अधिकारात मागावं म्हटलं, तर तिथेही अडतं. अकोल्यात नेमणुकीला असलेल्या एका केंद्रीय अधिकाऱ्याबद्दल अशी माहिती मागितली गेली होती : मत्ता, त्याला दिलेली ज्ञापनं, अगदी मुलाच्या लग्नात आलेल्या भेटीसुद्धा. गिरीश देशपांडे प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही व्यक्तिगत माहिती ठरवली, व्यापक जनहित दाखवलं तरच द्यायची. कार्यालयांना नकाराचा आयता मसुदाच मिळाला. उलट आयएएस अधिकाऱ्यांची स्थावर मालमत्तेची विवरणपत्रं केंद्राच्या संकेतस्थळावर असतात. म्हणजे कलेक्टरसाहेबांचा फ्लॅट जगाला दिसतो, त्यांच्या कार्यालयातल्या अव्वल कारकुनाचा प्लॉट दिसत नाही!

लाचेला खरा धाक आहे तो लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्याचा. १०६४ या त्यांच्या मदत क्रमांकावर कोणीतरी बाहेरचा माणूस फोन करतो, पावडर लावलेल्या नोटा घेऊन जातो, म्हणून तो लागतो. मात्र २०१८च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंध कायद्यात कलम १७अ आलं. अधिकाऱ्याने कामकाजात घेतलेल्या निर्णयाबद्दल किंवा केलेल्या शिफारशीबद्दल चौकशी करायची तर आधी शासनाची किंवा सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी हवी. रंगेहाथ पकडायला ती लागत नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याला निर्णय घेताना भीती वाटू नये हा हेतू मला पटतो. पण फेरफारासाठी दोन हजार घेणारा लगेच सापडतो आणि सही करून कोटींचं भलं करणारा मंजुरीच्या फायलीआड बसतो, हेही दिसतंच.

मग भाचीने काय करावं? तिला नियम ३ नीट वाचायला सांगा. सचोटी, कर्तव्यपरायणता हे शब्द सगळ्यांना पाठ असतात. खरी कामाची गोष्ट पुढे आहे. वरिष्ठांचे आदेश शक्यतो लेखी घ्यावेत, तोंडी दिले तर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा. ‘सातबाऱ्यावर एवढी नोंद ओढून टाक गं’ असा फोन येणारच. तिने ओढू नये. ‘दूरध्वनीवरील सूचनेनुसार लेखी आदेश व्हावेत’ असं दोन ओळींचं पत्र द्यावं, आवक शिक्क्याची पोच घ्यावी. निम्मे फोन तिथेच बंद होतात. साहेबांची नाराजी ओढवेल, गोपनीय अहवालात शेराही घसरेल कदाचित. पण चौकशी लागली तर साहेब ‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणतात, तेव्हा ती पोच उपयोगी पडते. नियम तिला असा स्वतःसाठी वापरता येईल.

प्रश्न : माझे पती कृषी सहायक आहेत. बदली झाली म्हणून गावाने वर्गणी काढून सोन्याची अंगठी दिली. ठेवली तर चालेल का?
– एक गृहिणी, परभणी जिल्हा

उत्तर : नाही, ताई. कामाचा संबंध असलेल्यांकडून भेट घेण्याच्या आड त्याच वर्तणूक नियमांतला नियम १२ येतो. वर्गणी देणाऱ्यांत ठिबकच्या अनुदानासाठी ज्यांच्या शेतावर जाऊन मोका तपासणी तुमच्या यजमानांनी केली ते शेतकरी असणारच. अंगठी परत करा, तसं पत्र तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. निरोपाला चहा-फराळ झाला असेल तर त्याची काळजी नको. शाल-नारळही राहू द्या.